दिवाणाखालचा आवाज

होम थिएटर घरी आलं त्या रविवारी आईला सगळं पसंत पडलं, एक वस्तू सोडून. पाच छोटे स्पीकर तिने हातात घेऊन पाहिले, "हे भिंतीवर छान बसतील," असंही म्हणाली. पण शेवटच्या खोक्यातून सबवूफर बाहेर निघाला तशी ती दोन पावलं मागे सरकली. गुडघ्याएवढा उंच, काळा, जड, एका बाजूला वाटोळं भोक.

"हे पेटाडं मी हॉलमध्ये ठेवू देणार नाही," ती म्हणाली.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो होतो. सातपूरच्या दोन खोल्या सोडून आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये आलो, त्याला दोनेक वर्षं झाली होती. आईला आयुष्यात पहिल्यांदा हॉल मिळाला होता आणि ती तो जपत होती. शोकेसमध्ये काचेचे कप होते, त्यातून आम्ही कधीच चहा प्यायलो नाही. कोपऱ्यात एका फळीवर बुद्धमूर्ती, तिच्यासमोर रोज ताजी फुलं. जुन्या घरातून आणलेली एकच गोष्ट हॉलमध्ये होती, ती म्हणजे बाबांचा सागवानी दिवाण. तोही तिला नकोच होता, पण बाबा दिवसभर त्याच्यावर बसत, म्हणून राहिला होता.

त्या वेळीही बाबा दिवाणावरच बसले होते, वर्तमानपत्र वाचत. खोकी उघडली, थर्मोकोल करकरला, आमची चर्चा चालली, पण त्यांनी मान वर केली नाही. बाबांना ऐकू येत नसे.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी चोवीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली. पत्रा सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून साचा धाडकन आपटायचा. दिवसातून हजारो वेळा. कानात कापसाचे बोळे घालून ते जात आणि संध्याकाळी बोळे काळे होऊन खिशात येत. मी शाळेत असताना त्यांचे कान हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची बेल, मग आम्ही. आम्हाला वाटायचं, ते लक्ष देत नाहीत. आई चिडायची. मी दहावीत असताना एकदा त्यांच्यासमोर वही आपटून म्हणालो होतो, "तुम्हाला काही सांगण्यात अर्थच नाही." ते हसून म्हणाले होते, "बरं, बरं." त्यांना वाटलं असावं, मी काहीतरी साधं बोललो.

पुढे कारखाना बंद पडला, ते घरी बसले. डॉक्टरने दिलेलं कानाचं यंत्र शिट्टी मारायचं, ते डबीत घालून कपाटात गेलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. म्हणून आम्ही कामापुरतंच बोलायचो. जेवायला चला. गोळी घेतली का. पंखा बंद करा.

होम थिएटरची जोडणी करायला मेन रोडवरच्या दुकानातून चाळिशीचा एक शांत माणूस आला होता. आईचा चेहरा बघून तो म्हणाला, "काकू, हा लपवता येतो. बारीक आवाज कुठून येतोय ते कानाला लगेच कळतं. या जाड आवाजाला दिशा नसते. कुठंही ठेवा, सगळीकडून आल्यासारखा वाटतो. फक्त कोंडायचा नाही. भोकापुढे वीतभर जागा सोडायची."

मग आमची दुपार जागा शोधण्यात गेली. पडद्यामागे ठेवला तर पडदा फुगून हलायला लागला. शोकेसच्या बाजूला ठेवला तर आतले कप एकमेकांवर वाजायला लागले. आईने दोन्ही हातांनी शोकेस धरली आणि ओरडली, "बंद कर, बंद कर आधी!" त्या माणसाच्या मते कोपरा सगळ्यात चांगला, कोपऱ्यात आवाज भरतो. पण त्या कोपऱ्यात मूर्तीची फळी होती आणि तिच्याखाली धडधड करणारं काही ठेवायला आईची तयारी नव्हती. ते बरोबरच होतं.

शेवटी तो माणूस दिवाणापुढे उकिडवा बसला, चादरीची झालर वर उचलून आत डोकावला. "इथं मस्त बसेल. भिंतही जवळ आहे. चादर सोडली की दिसणारसुद्धा नाही."

"पण वर बाबा बसतात," मी म्हणालो.

"त्यांना काय ऐकू येतंय?" आई म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. आमच्या घरातली ती साधी वस्तुस्थिती होती. मीही मान हलवली. त्या माणसाने मात्र एकदा बाबांकडे पाहिलं आणि मग वायर सरकवायला लागला. बाबांनी पाय वर घेऊन त्याला जागा करून दिली. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढचे काही आठवडे मी क्रिकेट पाहिलं, मारामारीचे सिनेमे पाहिले, मित्रांना बोलावून दाखवलं. "वूफर कुठाय?" असं कुणी विचारलं की मला बरं वाटायचं.

मग एका रविवारी दुपारी मी लोकगीतांची एक सीडी लावून खुर्चीत पडलो होतो. आई आत झोपली होती. सहज माझी नजर दिवाणाकडे गेली. बाबांचा डावा हात दिवाणाच्या लाकडी कडेवर पालथा होता आणि बोटं हलत होती. मला वाटलं, नुसता चाळा आहे. पण बोटं तालात पडत होती. समेवर तळवा टेकत होता, मधल्या मात्रा करंगळीशेजारच्या बोटाने जात होत्या. मी पुढचं गाणं लावलं. बोटं थांबली. चार-सहा मात्रा ती लाकडावर नुसती टेकून राहिली आणि मग नव्या तालात चालू झाली.

मी गाणं बंद केलं.

वीज गेली का, म्हणून बाबांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बंद झालं?" त्यांनी विचारलं.

कितीतरी वर्षांत त्यांनी मला एखाद्या आवाजाबद्दल काही विचारलं नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ गेलो, झालर वर करून खालचा सबवूफर दाखवला. त्यांनी वाकून पाहिला, त्याच्यावर हात ठेवला.

"मला वाटलं, खाली कुणाचं तरी लगीन हाय," ते म्हणाले. "रोज कसं काय असंल, म्हणून इचारलं नाय. लाकडातनं येतंय, बघ. बसल्या जागी येतंय. लय दिवसांनी, रे."

बाबा ढोलकी वाजवायचे हे मला माहीत होतं. मी लहान असताना दिंडोरीकडच्या त्यांच्या गावची एक गायन पार्टी होती आणि जयंतीच्या दिवसांत ते पार्टीबरोबर वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रमांना जायचे. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना ते थांबलं. ढोलकी घरातून गेली. आम्हाला त्यांनी सांगितलं होतं की कारखान्याच्या पाळ्यांमुळे जमत नाही.

त्या दुपारी मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुम्ही वाजवणं का सोडलं?"

त्यांनी आपला उजवा तळवा उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "माझा उजवा हात मला ऐकू यीना. डावी बाजू घुमायची ती यायची कानावर, उजवीकडची टणटण गेली. एका हातानं कितींदा अंदाजपंचे वाजवायचं? एकदा कार्यक्रमात चुकलो. गाणारा माझ्याकडं वळून बघाया लागला. मग म्हटलं, बास."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय कान येणार व्हते?"

पुढची दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली वर्षं होती, असं मला आता वाटतं. संध्याकाळी मी कामावरून आलो, चहा झाला की बाबा दिवाणावर मांडी घालून बसायचे, डावा तळवा लाकडावर ठेवायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "लाव." मी गाणं लावायचो आणि ते ताल ओळखायचे. वाजवणारा कच्चा असला तर तोंड वाकडं करायचे. "घाई करतोय. पोटात दुखतंय वाटतं त्याच्या." आई स्वयंपाकघरातून हसायची. मी गाण्यांचे शब्द कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरायचो आणि ते कागद वाचत ताल धरायचे. त्या कागदांचा गठ्ठा उशीखाली साठत गेला.

एकदा माझ्या डोक्यात आलं की त्यांची स्वतःची ढोलकी त्यांना ऐकवावी. मी बसने त्यांच्या गावी गेलो. पार्टीचे मुख्य गायक म्हातारे झाले होते, पण त्यांच्याकडे एक कॅसेट निघाली. विहाराच्या अंगणातला कार्यक्रम, कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेला. "तुझ्या बापानं यात लय भारी वाजवलंय," ते म्हणाले. मी दुकानात देऊन तिची सीडी करून घेतली. घरी काही सांगितलं नाही.

रविवारी बाबांना दिवाणावर बसवलं. कागदावर लिहिलं, 'तुमची पार्टी. तुम्ही वाजवताय.' ते वाचून त्यांनी आईला हाक मारली, "अगं, ये इकडं." ती हात पुसत येऊन त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी तळवा लाकडावर ठेवला, डोळे मिटले.

गाणं सुरू झालं. गायकाचा तरुण आवाज, टाळ्या, पेटी आणि त्यामागे ढोलकीची उजवी बाजू, टणटणीत आणि स्वच्छ. आईचे डोळे भरून आले.

बाबा म्हणाले, "लाव की."

मी आवाज वाढवला. त्यांनी तळवा उचलून दुसरीकडे ठेवला. मग दोन्ही हात ठेवले. मी खाली वाकून सबवूफरला हात लावला. तो जवळजवळ थंड होता, नुसती बारीक घरघर करत होता. त्या साध्या टेपरेकॉर्डरने जाड आवाज धरलाच नव्हता. बाबांच्या उजव्या हाताचा आवाज तेवढा टेपवर होता. डाव्या हाताचा, जो त्यांना ऐकू येऊ शकत होता, तो कुठेच नव्हता.

"चालू हाय?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, बाबा!" मी ओरडलो.

त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिचे डोळे पाहिले. तिला काहीतरी ऐकू येतंय हे त्यांना कळलं. "मग यात मी कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी ओरडून समजावलं, की मशीन साधं होतं, खालचा आवाज त्यात भरला गेला नाही. न कळलेल्या गोष्टीला ते जशी मान हलवायचे, तशी त्यांनी हलवली. "असंल," ते म्हणाले. "मी मागं बसायचो." आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. गाणं अजून चालूच होतं. ते बंद करायला मी किती वेळाने उठलो, ते आठवत नाही.

त्यानंतरही संध्याकाळची गाणी चालू राहिली. त्या कॅसेटबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत.

मग माझं लग्न ठरलं. घर रंगवायचं निघालं आणि आईने इतकी वर्षं मनात ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. नवा सोफा, नवं टीव्ही युनिट, नवे पडदे. दिवाण आता जायलाच हवा होता. मी विरोध केला नाही. उलट टीव्ही युनिटचं चित्र मीच काढलं. खालच्या कप्प्यात सबवूफरसाठी मापाची जागा ठेवली, पुढे कापडी जाळी, मागे हवेला वाट, खाली रबराच्या चकत्या, म्हणजे लाकूड थरथरणार नाही. सुतार म्हणाला, "साहेब, कंपनीवालेसुद्धा इतकं करत नाहीत." बाबांना खिडकीजवळ एक ऐसपैस खुर्ची घेतली, फोमची, उंच पाठीची. दिवाण सुतारच घेऊन गेला.

लाकूड थरथरू नये म्हणून मी चकत्या लावत होतो, त्या वेळी लाकूड कुणासाठी थरथरत होतं हे मला आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. माझ्या डोक्यात मापं होती, पाहुणे होते, लग्न होतं. खुर्ची आली त्या दिवशी बाबा तिच्यात बसले आणि तिच्या हातावर तळवा ठेवून त्यांनी तो हळूच दाबून पाहिला. आत फोम होता. ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, खुर्ची आवडली.

संध्याकाळी ते "लाव" म्हणायचे थांबले. लग्नाच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर मी आणि बायको संध्याकाळी फिरायला जायला लागलो, आणि ती वेळ तशीच गेली.

वर्षभराने बायकोनेच विचारलं, "बाबा रोज संध्याकाळी कुठे जातात?"

"पाय मोकळे करायला," आई म्हणाली.

बायकोला दिवस गेले होते, आईचे गुडघे दुखत होते, म्हणून एका संध्याकाळी गव्हाचा डबा घेऊन मी खालच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत गेलो. गिरणी चालू होती. आत, चक्कीच्या चौथऱ्याला लागून एक लाकडी बाक होता आणि त्या बाकावर बाबा बसले होते. पाठ मागच्या फळीला टेकलेली, डावा तळवा बाकावर पालथा. केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर पीठ बसलेलं. डोळे मिटलेले. पट्टा फिरत होता, चक्की घुमत होती आणि त्यांची बोटं हलत होती.

गिरणीवाला माझ्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "तुमचे वडील का? रोज येतात. आधी वाटलं, दळण विसरलं असंल. मग म्हटलं, बसू द्या, म्हातारं माणूस हाय. पार बंद करेपर्यंत बसतात."

बाबांनी डोळे उघडले. मला पाहून ते चटकन उठले, सदरा झटकायला लागले. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "गार वाटतं इथं," ते म्हणाले. गिरणीत उकाड्याने माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

दळण घेऊन आम्ही बरोबर घरी आलो.  जिना चढताना मी त्यांच्या मागे होतो, आणि प्रत्येक पायरीवर त्यांच्या अंगावरून थोडं पीठ गळत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सुताराकडे गेलो. दिवाण त्याने केव्हाच फोडला होता, त्याच्या फळ्या कुणाच्या तरी दारांना लागल्या होत्या. माझं तोंड बघून त्याने दुकानातली एक रुंद सागवानी फळी काढून दिली. मी टीव्ही युनिटची जाळी उचकटून सबवूफर बाहेर काढला. हॉलच्या भिंतीच्या कडेने वायर नेली आणि मागच्या खोलीत बाबांच्या कॉटखाली तो ठेवला. कॉट लोखंडी होती, सुरुवातीला नुसती खडखडली. गादीखाली फळी घातली, तिची एक कड बाहेर काढून ठेवली, तेव्हा कुठे आवाज नीट लागला. आई दारात उभी राहून सगळं बघत होती. हॉलमधून गेलेल्या वायरीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

बाबांनी फळीवर तळवा ठेवला. "आला," ते म्हणाले.

मला त्यांची माफी मागायची होती. ओरडून मागवेना. कागदावर लिहिलं, 'दिवाण काढायला नको होता. माझ्या लक्षात आलं नाही.' चष्मा लावून त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, मी तरी कुठं बोललो?"

यानंतर अकरा महिने मिळाले. त्यात माझी मुलगी झाली. ती बाबांच्या शेजारी फळीवर पालथी पडायची आणि गाणं लागलं की खुदकन हसायची. थंडीत त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा ते अगदी हलके झाले होते. मी आवाज कमी ठेवून गाणी लावायचो, त्यांचा हात धरून फळीवर ठेवायचो. काही दिवस बोटं हलली. मग एका दुपारी गाणं चालू होतं, फळी थरथरत होती, आणि हात नुसता पडून होता. ते जागे होते, माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, "येतंय का?" त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की न कळल्याची, ते मला ओळखता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडून ते म्हातारे गायक आले, दोन गाणी म्हणून गेले. पाहुणे पांगल्यावर दुपारी आई मागच्या खोलीत कॉटवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. उशीखालचा कागदांचा गठ्ठा तिने मांडीवर घेतला होता, गाण्यांचे शब्द लिहिलेला. तिला भराभर वाचता येत नसे. ती एकेक कागद उलटून ठेवत होती.

"पंधरा-सोळा वर्षं मी त्यांच्याशी नुसतं ओरडून बोलले," ती म्हणाली. "ओरडून कुणी काय गोड बोलणार? शेजारी ऐकतील, पोरगा ऐकेल, म्हणून मग बोललेच नाही. तू निदान लिहिलंस. मला लिहायचंसुद्धा सुचलं नाही."

"बाबांना कळत होतं," मी म्हणालो.

"काय कळत होतं?" तिने विचारलं. "मी बोललेच नाही, तर त्यांना कळणार काय?"

 पलीकडच्या खोलीत मुलगी रडायला लागली होती, बायको तिला थोपटत होती. आई कागद जुळवत बसून राहिली.